निक्सी ट्यूब: घड्याळ बांधताना आणि बिघाड शोधताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचं लिखाण मुख्यतः आयएन-१२ आणि आयएन-१४ या सोव्हिएत ट्यूबांना धरून आहे. नवशिक्याला परवडतील आणि हाती लागतील अशा याच दोन. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढची बरीचशी उत्तरं तिच्यावर उभी आहेत. काही बिघडलं की ट्यूबवर सगळ्यात शेवटी संशय घ्या. आधी पुरवठा तपासा, मग रेझिस्टर, मग ड्रायव्हर (कुठला अंक पेटवायचा ते ठरवणारे ट्रान्झिस्टर किंवा चिप), मग वायरिंग, आणि मगच ट्यूब. रेझिस्टर दुकानात पुन्हा मिळतो. चाळीस वर्षांपूर्वी बनलेली ट्यूब घाईत जाळली की जगातली एक ट्यूब कमी होते.

निक्सी ट्यूब म्हणजे नेमकं काय?

घरातला लाइन टेस्टर आठवा. फेजला लावल्यावर त्याच्या मुठीत जो केशरी ठिपका पेटतो, तो निऑनचा दिवा असतो. निक्सी ट्यूब त्याच कुळातली. काचेच्या आत कमी दाबाचा निऑन असतो, जाळीसारखा एक अ‍ॅनोड असतो आणि पातळ पत्र्यातून कापलेले शून्य ते नऊ असे दहा कॅथोड एकामागे एक रचलेले असतात. ज्या कॅथोडमधून करंट वाहतो, त्याच्या अंगाला चिकटून वायू प्रकाशतो. पत्रा स्वतः तापून लाल होत नाही आणि आत फिलामेंटही नसतं. म्हणूनच ट्यूब हाताला जेमतेम कोमट लागते.

या ट्यूबा अमेरिकेतल्या हायडू ब्रदर्स या छोट्या कंपनीत आकाराला आल्या. ती कंपनी बरोज कॉर्पोरेशनने विकत घेतली आणि १९५५ मध्ये ‘निक्सी’ हे नाव लावून त्या बाजारात आणल्या. १९६१ च्या ब्रिटिश ‘अनिता’ या इलेक्ट्रॉनिक गणनयंत्रात अशाच ट्यूबा होत्या. पुढे व्होल्टमीटर, फ्रीक्वेन्सी काउंटर, तराजू, प्रयोगशाळेतली उपकरणं असं सगळीकडे त्यांचं राज्य होतं. सत्तरच्या दशकात एलईडी आले आणि पश्चिमेत त्या मागे पडल्या. सोव्हिएत कारखान्यांत मात्र त्या ऐंशीच्या दशकातही बनत होत्या. आज आपल्या हातात येणारा बहुतेक माल तिकडचाच, कधी न वापरलेला, तर कधी जुन्या यंत्रांतून काढलेला.

घरी बनवण्यात धोका किती?

धोका खरा आहे, त्यामुळे हे उत्तर वगळून पुढे जाऊ नका. आपण १७० ते १८० व्होल्ट डीसीशी खेळतो आहोत. बारा व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरवर चालतं म्हणून बोर्ड निरुपद्रवी आहे, असं वाटू देऊ नका. बूस्ट कन्व्हर्टरच्या, म्हणजे बाराचे १८० व्होल्ट करणाऱ्या भागाच्या, आउटपुटचा कपॅसिटर अ‍ॅडॉप्टर काढल्यावरही भरलेलाच राहतो. मला पहिला झटका असाच बसला. वीज बंद होती, मी निर्धास्त होतो आणि बोर्ड उचलताना अंगठा कपॅसिटरच्या पायांवर पडला. झटक्यापेक्षा हात मागे आपटला तो जास्त लागला आणि बोर्डही पडला.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक बोर्डावर आउटपुटला समांतर ४७० किलोओमचा रेझिस्टर असतो. ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर त्यातून चार-पाच सेकंदांत तीस व्होल्टच्या खाली उतरतो आणि रेझिस्टर स्वतः जेमतेम ०.०७ वॅट खातो. एवढ्या स्वस्तात एवढी निश्चिंती दुसरीकडे मिळत नाही. चालू बोर्डावर मोजमाप करताना एक हात पाठीमागे किंवा खिशात ठेवा, हातातली अंगठी आणि कडं काढा आणि ‘बंद आहे’ हे मल्टीमीटरने बघूनच माना.

घरातली २३० व्होल्टची मेन्स थेट डायोडने रेक्टिफाय करून ट्यूबा पेटवायची योजना कुणी दाखवली, तर ती करू नका. त्यात सगळा सर्किट मेन्सला जोडलेला राहतो आणि यूएसबीची केबल लावताच संगणक आणि तुम्ही दोघंही त्या वाटेत येता.

खरेदी करताना काय बघावं?

आधी अक्षरं बघा. रशियन लिपीतलं ‘इन’ आपल्याला उलट्या एनसारखं एक अक्षर आणि त्यापुढे इंग्रजी एचसारखं दुसरं असं दिसतं. दुसरं अक्षर बीसारखं असेल तर ती आयव्ही मालिका. त्यातल्या आयव्ही-११ किंवा आयव्ही-१८ या निळसर-हिरव्या प्रकाशाच्या व्हीएफडी (व्हॅक्यूम फ्लुओरेसंट डिस्प्ले) ट्यूबा आहेत. त्यांना फिलामेंटचा पुरवठा लागतो आणि त्यांचं सर्किटच वेगळं असतं. आयव्ही-९ तर फिलामेंटवर चालणारी न्यूमिट्रॉन आहे. आयएन मालिकेतली प्रत्येक ट्यूबसुद्धा अंकांची नसते. आयएन-३ हा नुसता निऑन दिवा, आयएन-९ आणि आयएन-१३ या पट्टीसारख्या लांब पेटणाऱ्या ट्यूबा आणि आयएन-१५ आणि आयएन-१९ वर अंकांऐवजी चिन्हं येतात. ‘आयएन-१९ स्वस्तात मिळाली’ म्हणून सहा ट्यूबा मागवल्या आणि घड्याळात टक्क्याचं चिन्ह उमटलं, असं होऊ देऊ नका.

आयएन-१२ वरून बघायची असते आणि सॉकेटमध्ये बसते. आयएन-१४ बाजूने बघायची असते आणि तिच्या लांब तारा थेट बोर्डात सोल्डर होतात. दोन्हींचे अंक १८ मिलिमीटर उंच असतात. आयएन-१८ चा अंक ४० मिलिमीटरचा, देखणा आणि फार महाग. पहिल्या घड्याळासाठी मी नेहमी आयएन-१२ सुचवतो. सॉकेट असल्यामुळे सोल्डरिंगमध्ये चूक झाली तरी ट्यूब सुरक्षित राहते.

आपल्याकडे मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत बाकीचे सगळे पार्ट मिळतील. ट्यूब मात्र बहुधा बाहेरूनच मागवावी लागते, तेव्हा कस्टम ड्युटीचा हिशेब आधी करा आणि सहा हव्या असतील तर आठ घ्या. भंगारात जुना फ्रीक्वेन्सी काउंटर किंवा डिजिटल व्होल्टमीटर दिसला तर समोरच्या काचेतून आत डोकावून बघा. मात्र यंत्र चालू असेल तर ट्यूबांसाठी ते फोडू नका, हे मनापासून सांगणं आहे.

पाच हा अंक उलटा दोन का दिसतो? ट्यूब खराब आहे का?

नाही. आयएन-१२ आणि आयएन-१४ मध्ये पाचासाठी दोनाचाच पत्रा उलटा करून बसवलेला आहे. ती घडण तशीच आहे. नीट घडवलेला पाच हवा असेल तर आयएन-१८ बघा.

अ‍ॅनोडचा रेझिस्टर किती ओमचा घ्यायचा?

ट्यूब पेटायला सुमारे १७० व्होल्ट लागतात, पण एकदा पेटली की तिच्यावर साधारण १४० व्होल्टच उरतात. बाकीचा भार रेझिस्टरने उचलायचा असतो. पुरवठा १८० व्होल्ट, ट्यूबवर १४०, म्हणजे रेझिस्टरवर ४०. आयएन-१४ ला अडीच मिलिअँपिअर द्यायचे असतील तर ४० भागिले ०.००२५, म्हणजे १६ किलोओम. बाजारात १५ किलोओमचा मिळतो, तो चालतो. उष्णता ०.१ वॅटच्या आसपास होते, त्यामुळे पाव वॅटचा रेझिस्टर पुरे.

रेझिस्टर गाळून ट्यूब कधीही लावू नका. निऑन पेटल्यावर त्याचा रोध कोसळतो, तो स्वतःहून करंट थांबवत नाही. रेझिस्टर अ‍ॅनोडकडेच लावा, म्हणजे दहाही अंकांना एकच पुरतो. मल्टिप्लेक्स न करता, म्हणजे पाळीपाळीने न पेटवता, सहा ट्यूबा चालवायच्या असतील तर सहा रेझिस्टर लागतील. सगळ्यांना मिळून एक लावला तर जी ट्यूब आधी पेटेल ती व्होल्टेज खाली ओढेल आणि बाकीच्या बसून राहतील.

ट्यूब अजिबात पेटत नाही. कुठून सुरुवात करू?

मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, काळी प्रोब ग्राउंडला आणि लाल प्रोब ट्यूबच्या अ‍ॅनोडच्या पायावर. जो आकडा येईल तोच तुम्हाला दिशा दाखवेल.

१३५ ते १५० च्या दरम्यान असेल तर ट्यूबमधून करंट वाहतो आहे. कुठलातरी कॅथोड पेटलेला असणारच, कदाचित मागचा, कदाचित अंधुक. खोलीतला दिवा घालवून बघा.

पूर्ण १८० असेल तर रेझिस्टरवर काहीच व्होल्टेज पडत नाही, म्हणजे करंटच वाहत नाही. कॅथोडकडची वाट तुटली आहे. ड्रायव्हर चालू होत नसेल, सॉकेटची पिन सैल असेल, सोल्डर ड्राय असेल. एका वायरला पाव वॅटचा २२ किलोओम रेझिस्टर लावा आणि ती ग्राउंडवरून एकेका कॅथोडच्या पायाला टेकवा. अंक पेटला तर ट्यूब ठणठणीत आहे, दोष ड्रायव्हरमध्ये.

जवळपास शून्य असेल तर अ‍ॅनोडचा रेझिस्टर उघडा पडला आहे किंवा पुरवठाच बसला आहे. पुरवठ्याच्या आउटपुटवर थेट मोजा.

१५० ते १६५ दाखवत असेल आणि काहीच पेटत नसेल, तर पुरवठाच १७० ला पोहोचत नाही. फीडबॅकचा प्रीसेट (कन्व्हर्टरचं आउटपुट किती ते ठरवणारा छोटा फिरता रेझिस्टर) फिरवून १८० पर्यंत न्या.

पेटलेल्या ट्यूबचा करंट मोजायला सर्किट तोडायची गरज नाही. रेझिस्टरच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज मोजा आणि ओमने भागा. १५ किलोओमवर ३७.५ व्होल्ट म्हणजे बरोबर अडीच मिलिअँपिअर.

बूस्ट कन्व्हर्टर फार तापतो किंवा लोड लावताच १८० चे १२० होतात.

ट्यूबांवर येणारे निम्मे आळ खरं तर या एका भागाचे असतात, म्हणून इथे जरा थांबतो.

आधी गणित. सहा ट्यूबा, प्रत्येकी अडीच मिलिअँपिअर, म्हणजे पंधरा मिलिअँपिअर. १८० ने गुणलं की २.७ वॅट. कन्व्हर्टरची कार्यक्षमता ऐंशी टक्के धरली तर बारा व्होल्टकडून सुमारे ३.४ वॅट, म्हणजे पाव अँपिअरपेक्षा थोडं जास्त. एक अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर भरपूर झाला. पण कॉइलमधला करंट एकसारखा नसतो, तो ठोके दिल्यासारखा वरखाली होतो. १०० मायक्रोहेन्रीची कॉइल आणि ३० किलोहर्ट्झ धरले तर प्रत्येक ठोक्याला तो दीड अँपिअरपर्यंत चढतो. रेझिस्टरसारखी दिसणारी बारकी कॉइल तिथे सॅच्युरेट होते, म्हणजे ती कॉइल न राहता नुसती तार होते. मग मॉस्फेट, म्हणजे कॉइलचा करंट चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर, तापतो आणि व्होल्टेज कोसळतं. दोन-तीन अँपिअर सॅच्युरेशनची जाड कॉइल घ्या.

दुसरा गुन्हेगार डायोड. हाताशी असतो म्हणून १एन४००७ लावला जातो. तो पन्नास हर्ट्झच्या कामाचा डायोड आहे, बंद व्हायला फार वेळ घेतो आणि तेवढ्या वेळात कपॅसिटरमधली ऊर्जा उलटी वाहते. तिथे यूएफ४००४ हवा. नुसता हा डायोड बदलून ‘बिघडलेले’ कन्व्हर्टर सुरळीत चालायला लागलेले मी अनेकदा पाहिले आहेत.

तिसरा मॉस्फेट. आयआरएफ७४० चारशे व्होल्टचा असल्याने तो बरोबरच आहे, पण त्याच्या गेटला दहा-बारा व्होल्ट लागतात. पाच व्होल्टच्या मायक्रोकंट्रोलरने थेट चालवला तर तो अर्धवट उघडतो आणि इस्त्रीसारखा तापतो. एमसी३४०६३ या कन्व्हर्टर चालवणाऱ्या चिपनेही गेट चालू लवकर होतं, पण बंद होताना रेंगाळतं. गेट ओढून बंद करायला एक छोटा पीएनपी ट्रान्झिस्टर लावला की फरक हाताने जाणवतो.

चौथा ब्रेडबोर्ड. त्याच्या पट्ट्यांमध्ये दीड अँपिअरचे ठोके नीट वाहत नाहीत. कन्व्हर्टर आखूड, जाड जोडण्यांनी व्हेरोबोर्डवर किंवा पीसीबीवरच बांधा. उरलेला सर्किट ब्रेडबोर्डवर राहिला तरी चालेल.

अंक एकाच वेळी दोन-दोन दिसतात किंवा मागे निळसर धूसर झाक येते.

बहुधा ड्रायव्हरच्या व्होल्टेज रेटिंगचा प्रश्न असतो. माझ्या पहिल्या घड्याळात मी बीसी५४७ लावले होते, कारण डबा भरून पडले होते. तो ट्रान्झिस्टर ४५ व्होल्टचा. बंद असलेल्या कॅथोडवर त्याहून जास्त व्होल्टेज चढतं, ट्रान्झिस्टर गळू लागतो आणि न लावलेले अंक भुतासारखे मागे उमटतात. दोन रात्री मी प्रोग्राममध्ये चूक शोधत बसलो होतो. यूएलएन२००३ लासुद्धा हेच लागू, तो पन्नास व्होल्टचा आहे. तीनशे व्होल्टचे एमपीएसए४२ लावा आणि भुतं गेली की नाही बघा.

तयार चिप हवी असेल तर ७४१४१ किंवा तिची सोव्हिएत जुळी के१५५आयडी१. तिचं आउटपुट बंद असताना साधारण साठ व्होल्टवर अडकवून ठेवतं आणि निक्सीला तेवढं पुरतं, ती याच कामासाठी बनलेली आहे. एकच अंक सगळ्या वेळी मंद पेटत राहत असेल तर चिपचं तेवढं आउटपुट गळतं आहे, चिप बदला. सोल्डर करण्याऐवजी चिपलाही बेस लावला असेल तर हे पाच मिनिटांचं काम.

पावसाळ्यात हीच तक्रार दुसऱ्या कारणाने येते. कोकणात किंवा मुंबईत जुलैत हवा इतकी दमट असते की बोर्डावर राहिलेला फ्लक्स ओलावा शोषतो आणि १८० व्होल्टला त्यातून वाट मिळते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना दात घासायचा ब्रश घेऊन बोर्ड घासा आणि पूर्ण वाळू द्या. पीसीबी स्वतः आखत असाल तर हाय व्होल्टेजच्या ट्रॅकमध्ये किमान दीड मिलिमीटर अंतर ठेवा.

अंक पेटतात, पण चुकीचे.

या बिघाडात मला खरी मजा येते, कारण चुकीचा अंकच चुकीची वायर दाखवतो.

के१५५आयडी१ ला चार इनपुट असतात, वजनं एक, दोन, चार, आठ. दोनची आणि चारची वायर अदलाबदल झाली तर दोनाच्या जागी चार, चाराच्या जागी दोन, तिनाच्या जागी पाच आणि पाचाच्या जागी तीन येतो. शून्य, एक, सहा, सात, आठ, नऊ बरोबर राहतात. असं चित्र दिसलं की मीटर न काढता त्या दोन वायरी उलटा. आठवाली वायर तुटली असेल तर टीटीएल (पाच व्होल्टवर चालणाऱ्या जुन्या लॉजिक चिपांचं कुळ) चिप मोकळ्या इनपुटला ‘एक’ समजते. मग शून्याचा आठ होतो, एकाचा नऊ होतो आणि दोन ते सात बहुतेक वेळा कोरेच राहतात.

या चिपच्या पिनांचा क्रम नेहमीच्या टीटीएलसारखा नाही. पुरवठा पाचव्या पिनवर आणि ग्राउंड बाराव्या पिनवर असतो. सवयीने सोळा आणि आठला जोडलं तर चिप चालत नाही. इनपुट एक, दोन, चार, आठ हे अनुक्रमे तिसऱ्या, सहाव्या, सातव्या आणि चौथ्या पिनवर.

सगळेच अंक उलट्या क्रमाने येत असतील तर तुम्ही ट्यूबच्या पिनांचा नकाशा वरून वाचला आहे. डेटाशीटमध्ये तो बहुधा खालून, म्हणजे पिनांच्या बाजूने काढलेला असतो.

अंकाचा एखादा भाग पेटतच नाही.

दोन वेगळे बिघाड इथे सारखेच दिसतात, ते वेगळे ओळखा. ट्यूबचे सगळे अंक अर्धवट पेटत असतील तर करंट कमी आहे. वर सांगितल्याप्रमाणे मोजा आणि रेझिस्टर कमी करा.

एखाद-दुसराच अंक अर्धवट असेल आणि तो क्वचित लागणारा असेल, तर ते कॅथोड पॉयझनिंग. पेटलेल्या कॅथोडचा धातू सूक्ष्म कणांनी उडत असतो आणि शेजारच्या न पेटलेल्या पत्र्यांवर त्याचा थर बसतो. थर बसलेल्या जागी प्रकाश उमटत नाही. घड्याळात तासाच्या दशकाची ट्यूब बघा. तिथे कायम शून्य, एक आणि दोनच पेटतात, तीन ते नऊ वर्षानुवर्षं बसून असतात.

उपाय आहे. तो अंक एकटा सलग पेटवा, नेहमीपेक्षा दुप्पट करंट देऊन. अडीचऐवजी पाच मिलिअँपिअर, अधूनमधून नजर ठेवत. काही वेळा तासाभरात मोकळा होतो, काही वेळा दोन-तीन दिवस लागतात. एका आयएन-१२ मधला आठ मी चार दिवस पेटवून परत मिळवला, पाचव्या दिवशी त्याचा खालचा गोल पूर्ण उजळला तेव्हा घरच्यांना बोलावून दाखवला. मात्र करंट हळूहळू वाढवा आणि काच फार तापली तर थांबा.

होऊच नये म्हणून घड्याळाच्या प्रोग्राममध्ये रोज रात्री काही मिनिटं सगळे अंक आलटून पालटून फिरवा. पुष्कळ जण दर तासाला शून्य ते नऊ पळवतात, ते दिसायलाही छान दिसतं.

उजेड कमी करायचा असेल तर व्होल्टेज कमी करू का?

नाही. व्होल्टेज घटवलं की अंक अर्धवट पेटतो, वरची टोकं आधी विझतात. करंट पूर्ण द्या आणि वेळ कमी करा, म्हणजे सेकंदाला शंभर-दोनशे वेळा चालू-बंद. झोपायच्या खोलीसाठी याहून चांगलं म्हणजे रात्री पूर्ण बंद करणं. पीआयआर सेन्सर लावून माणूस आला तरच ट्यूबा पेटवल्या तर आयुष्य कितीतरी वाढतं. अगदी सुरुवातीच्या ट्यूबा सुमारे ५,००० तासांच्या होत्या, सलग लावल्या तर सात महिनेसुद्धा पुरल्या नसत्या. नंतरच्या काही प्रकारांत थोडा पारा घालून ते दोन लाख तासांपर्यंत गेलं.

ट्यूबखाली निळे एलईडी लावण्याबद्दल विचारणारे बरेच असतात. माझं स्पष्ट मत आहे की लावू नयेत. निऑनचा केशरी रंग त्यात धुऊन निघतो आणि तोच तर बघायचा असतो.

मल्टिप्लेक्स करावं की नाही?

एकाच ड्रायव्हरवर सहा ट्यूबा पाळीपाळीने पेटवल्या तर पार्ट वाचतात. पण प्रत्येक ट्यूबला एक षष्ठांश वेळ मिळतो आणि उजेड राखायला तेवढ्या वेळात जास्त करंट द्यावा लागतो. सहा चिपा घेणं जमत असेल तर प्रत्येक ट्यूबला तिची चिप द्या, सर्किट सोपं राहतं.

मल्टिप्लेक्स केलंच आणि आधीच्या ट्यूबचा अंक पुढच्या ट्यूबवर फिका उमटला, तर एक ट्यूब बंद करून दुसरी चालू करण्याआधी शंभर-दोनशे मायक्रोसेकंद सगळं अंधारात ठेवा. आयनांना विझायला तेवढा वेळ हवा असतो. अ‍ॅनोड बदलायला ऑप्टोकपलर (दोन बाजू विजेने वेगळ्या ठेवून प्रकाशाने चालणारा स्विच) घेताना त्याचं व्होल्टेज बघा. टीएलपी६२७ तीनशे व्होल्टचा आहे. नेहमीचा पीसी८१७ तिथे टिकणार नाही.

मधले दोन ठिपके कसे पेटवू?

साधे निऑन दिवे लावा, आयएन-३ किंवा स्विचबोर्डच्या इंडिकेटरमध्ये असतात तसे. त्यांच्यावर साधारण साठ व्होल्ट राहतात, म्हणून १८० वर प्रत्येकाला स्वतंत्र २२० किलोओमचा रेझिस्टर द्या. दोन दिवे सिरीजमध्ये जोडू नका, सुरू व्हायला १८० व्होल्ट कमी पडू शकतात.

घड्याळ वेळ चुकवतं.

पन्नास हर्ट्झच्या मेन्सवरून वेळ मोजण्याचे जुने सर्किट आपल्याकडे भरवशाचे नाहीत. ग्रिडची फ्रीक्वेन्सी दिवसभर थोडी वरखाली होत असते. ती सरासरी ४९.९५ असली तरी दिवसाला ८६ सेकंद मागे पडाल. डीएस३२३१ हा वेळ राखणारा आयसी वापरा, त्याची चूक वर्षाकाठी मिनिटाच्या आसपास असते. त्याच्या बाजारातल्या निळ्या मॉड्यूलवर सेल चार्ज करायचं सर्किट असतं. साधा सीआर२०३२ सेल घालायचा असेल तर चार्जिंगच्या वाटेतला डायोड किंवा रेझिस्टर काढून टाका, नाहीतर न चार्ज होणाऱ्या सेलमध्ये करंट ढकलला जातो आणि तो फुगतो.

ईएसपी३२ या वायफायवाल्या मायक्रोकंट्रोलरवरून इंटरनेटची वेळ घेत असाल तर आपली वेळ म्हणजे १९,८०० सेकंद पुढे, वर्षभर तेवढीच. मायक्रोकंट्रोलर मधूनच रिसेट होत असेल तर बूस्ट कन्व्हर्टरचा ग्राउंड आणि त्याचा ग्राउंड वेगवेगळ्या वाटांनी अ‍ॅडॉप्टरच्या टोकापर्यंत न्या आणि चिपच्या पायाशी १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावा.

आयएन-१४ च्या बारा-तेरा तारा छिद्रांत एकदम जातच नाहीत.

तारा जिन्यासारख्या कापा. एक सगळ्यात लांब ठेवा, शेजारची दोन मिलिमीटर आखूड, तिच्या शेजारची आणखी आखूड, असं गोल फिरत जा. मग एकेक तार आपापल्या छिद्रात शिरते. अ‍ॅनोडची तार ओळखायला बुडाशी बघा, काचेच्या आत तिला पांढरा लेप असतो. तार काचेला लागून वाकवू नका, तीन-चार मिलिमीटर सोडून वाकवा. सोल्डर करताना काच आणि जोड यांच्यामध्ये चिमट्याने तार पकडा, म्हणजे उष्णता काचेपर्यंत जाणार नाही.

ट्यूब खरंच मेली हे कसं ओळखायचं आणि मग पुढे?

पुरवठा, रेझिस्टर, वायरिंग सगळं तपासून झालं आणि अंकांऐवजी जांभळट-गुलाबी धूसर झाक दिसत असेल, किंवा पूर्ण १८० व्होल्टवर एकही अंक पेटत नसेल, तर काचेतून हवा आत गेली आहे. तारांच्या मुळाशी भिंगाने बघा, केसाएवढी तडा सापडते. अशी ट्यूब परत आणता येत नाही. चेक प्रजासत्ताकात दालिबोर फार्नी यांनी नव्या निक्सी ट्यूबा हाताने घडवायला सुरुवात केली आहे, पण त्या मोठ्या आहेत आणि जुन्या आयएन-१२ च्या जागी बसत नाहीत. तेव्हा सुरुवातीला घेतलेल्या आठांतली सातवी काढा.

मेलेली ट्यूब फोडू नका. काही प्रकारांत पारा असतो आणि कुठल्या नळीत आहे ते बाहेरून नेहमी कळत नाही. चुकून फुटली तर खिडकी उघडा, तुकडे जाड कागदाने गोळा करा, झाडू किंवा व्हॅक्यूम फिरवू नका. उरलेल्या चांगल्या ट्यूबा अंड्यांच्या ट्रेमध्ये कापूस घालून, प्रत्येकीवर कागदाची चिठ्ठी लावून ठेवा आणि चिठ्ठीवर लिहा कुठला अंक कमजोर आहे. पुढच्या घड्याळात तीच ट्यूब तासाच्या दशकाला लावता येते, जिथे तो अंक लागतच नाही.